सशाचं पिल्लू आईपासून कधी तोडावं?
पिल्लाचे डोळे दहा-बारा दिवसांत उघडतात, पोट तयार व्हायला मात्र कितीतरी वेळ लागतो. दूधपित्या पिल्लाच्या जठरात आम्ल सौम्य असतं. जंतूंपासून त्याला राखतात ती आईच्या दुधापासून पोटात तयार होणारी स्निग्ध द्रव्यं. (आई दिवसातून साधारण एकदाच, तीही चार-पाच मिनिटं पाजते. ती पिल्लं टाकते आहे असं समजून गाईचं दूध पाजत बसू नका.)

तिसऱ्या आठवड्यात पिल्लू चारा कुरतडतं, घरट्यातल्या आईच्या लेंड्याही खातं. किळस करू नका, खाऊ द्या. चारा आंबवणारे जिवाणू त्याला तिथून मिळतात, आणि मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची आंबवणारी पिशवी याच काळात भराभर वाढते. म्हणून तोडायची घाई नको. सहा ते आठ आठवडे आईजवळच बरं. पुढेही आठवडाभर खाणं तेच ठेवा.

गोव्यात सत्तरी-पेडण्याकडे पावसाळ्यात गवत चिंब असतं. ते पसरून सुकवा, कुबट वास आला तर सरळ फेका. जुलाब लागलेच तर घरातलं अमॉक्सिसिलिन (जंतू मारणारं औषध) तोंडावाटे मुळीच नको, सशाच्या ते जिवावर बेततं. त्याच दिवशी गुरांच्या डॉक्टरांना दाखवा.