गोबरगॅस बंद, सोलरवर धूळ आणि धुऱ्याला आग : गावात होणाऱ्या या चुका टाळा

मे महिन्यात विदर्भात दुपारी बाहेर निघायची सोय राहिली नाही हे कोणाला वेगळं सांगायची गरज नाही, २०१३ च्या मे मध्ये नागपूरला ४७.९ डिग्री झालं होतं आन तेव्हापासून ४५ च्या वर पारा गेला तरी आता कोणाला नवल वाटत नाही. ग्लोबल वॉर्मिंग म्हटलं की लोकांना वाटते हे मोठ्या देशांचं, मोठ्या कारखान्यांचं काम, आपण काय करणार. कारखान्यांचा वाटा मोठाच आहे, चंद्रपूरचं एकटं थर्मल, म्हणजे कोळशाचं वीज केंद्र, २९२० मेगावॅटचं आहे. पण म्हणून गावात काहीच नाही असं नाही. आणि मला सगळ्यात जास्त वाईट याचं वाटते की आपल्याकडे चांगल्या गोष्टी येऊन गेल्यात, गोबरगॅस आला, सोलर पंप आला, दर जूनमध्ये रोपं येतात, पण छोट्या छोट्या चुकांनी ते बंद पडते किंवा मरते आणि मग "हे काही आपल्याकडे चालत नाही जी" म्हणून विषय संपतो. चालते. फक्त कुठं चुकते ते पाहा.

गोबरगॅस पेटत नाही

कोणत्याही गावात चक्कर मारा, एखादा तरी गोबरगॅस असा दिसेल की त्याच्या टाकीवर गोवऱ्या थापल्यात. बहुतेक वेळा बांधकाम खराब नसते, चारा-पाणी देण्यात चूक असते.

पहिली चूक म्हणजे सुरवातीलाच. २ घनमीटरच्या प्लांटला रोजचं साधारण ५० किलो ताजं शेण लागते, म्हणजे ४-५ मोठी ढोरं कोठ्यात पाहिजे आणि तीही दिवसभर चरायला जाणारी नको. आता घरोघरी ढोरं कमी झाली, एक बैलजोडी न एक गाय, आणि प्लांट मात्र मोठा बांधला कारण अनुदान होतं. मग तो उपाशी राहतो. दोन-तीन ढोरं असतील तर १ घनमीटरचाच घ्या, चहा आणि एक वेळचा स्वयंपाक आरामात होते.

दुसरी चूक पाण्याची. शेण जेवढं तेवढंच पाणी, हाताने कालवून गुठळ्या फोडून टाकायचं. बरेच जण घट्टच ढकलतात किंवा कोठा धुतलेलं सगळं पाणी आत सोडतात आणि त्या पाण्यात फिनाइल नाहीतर कपड्याचं साबण असते. आत गॅस करणारे जिवाणू आहेत, फिनाइलनं ते मरतात, मग महिनाभर काही होत नाही आन लोक मिस्त्रीला शिव्या देतात. माती, तणस (धानाचा पेंढा), कुटाराच्या काड्या पण गेल्या नाही पाहिजे, वर जाड साय धरते आणि गॅस खालीच अडकते.

नवीन प्लांटमध्ये पहिला गॅस पेटणार नाही हे लक्षात ठेवा, त्यात हवा आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असते. तो पहिला गॅस सोडून द्यायचा, आणि प्लांटच्या तोंडाशी काडी ओढून पाहायचं नाही कधीच, शेगडीवरच पेटवून पाहायचं. टाकी भरलेली दिसते पण शेगडी पेटत नाही असं जुन्या प्लांटला झालं तर बहुतेक एकदम जास्त माल टाकला असते, उरलेला भात-पोळी टाकली असते, आतलं आंबट झालं असते. चार-पाच दिवस काहीच टाकू नका, मग थोडं थोडं ताजं शेण सुरू करा.

जाळ भकभक करत असेल तर पाइपात पाणी साचलं. पाइप जिथं सगळ्यात खाली झुकला तिथं पाणी काढायची तोटी असते ती उघडा, तोटीच नसेल तर बसवून घ्या. जाळ पिवळा असेल तर शेगडीची हवा कमी आहे, निळा येईपर्यंत हवेची चकती फिरवा. सिलेंडरची शेगडी याला चालत नाही, तिचं छिद्र लहान असते. हिवाळ्यात गॅस कमी होतेच, आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठा असतो, अशा वेळी दुपारी उन्हात तापलेल्या पाण्यात शेण कालवा आणि टाकीभोवती तणस लावा.

हे एवढं सविस्तर यासाठी लिहितोय की गोबरगॅसमध्ये मिथेन असते आणि मिथेन शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा २७-२८ पट जास्त उष्णता धरते. जाळला तर बरं, पण पाइप फुटलेला ठेवून किंवा गॅस नको म्हणून तोटी उघडी सोडून तो हवेत गेला तर उलट नुकसान. जोडांवर साबणाचा फेस लावून बघा, बुडबुडे आले की गळते. आणि टाकी साफ करायला कोणी आत उतरू नका, वरून उघडी दिसली तरी आतल्या गॅसनं माणूस जागीच पडतो.

धुरा (वावराचा बांध) पेटवणे आणि पऱ्हाटी (कपाशीची झाडं) जाळणे

मार्च-एप्रिलमध्ये संध्याकाळी रस्त्यानं जा, दोन्ही बाजूला आगच आग. विचारलं तर म्हणतात कचरा साफ होते, उंदीर-साप जातात, राखेनं जमीन सुधारते. राख थोडीफार कामाची आहे पण काडीकचऱ्यातलं नत्र जवळपास सगळं धुरात उडून जाते, जो सेंद्रिय कर्ब जमिनीत जायला पाहिजे तो हवेत जाते, आणि वरच्या थरातले गांडूळ-जिवाणू भाजून मरतात. मग त्याच वावरात पावसाळ्यात खताच्या जास्त बॅगा टाकायच्या.

धुऱ्यावरचा एखादा कडुनिंब जवळ जाऊन पाहा. एका बाजूनं बुडाशी काळा, साल तडकून सुटलेली, हात लावला तर कोळसा हाताला येते. दुसऱ्या वर्षी आग तिथंच लागते कारण कचरा तिथंच असते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी बुंध्यात पोकळ होते, आणि मग जूनच्या पहिल्या वादळात ते झाड आडवं, कधी डीपीवर कधी बाजूच्याच्या वावरात. वीस-पंचवीस वर्षांचं झाड असं जाते आणि आपण पंचायतीत जाऊन वीत-दीड वीत उंचीची रोपं मागतो. धुरा साफ करायचा असेल तर विळ्यानं कापा नाहीतर ग्रासकटर फिरवा, कापलेलं तिथंच झाडाच्या आळ्यात टाका.

पऱ्हाटीचा प्रश्न थोडा अवघड आहे, तो मी उडवून लावणार नाही. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं कपाशीचं जे केलं ते सगळ्यांना आठवते, आणि उलंगवाडी (कापसाची शेवटची वेचणी) झाल्यावर पऱ्हाटी वावरात ठेवायची नाही, फरदड (त्याच झाडांवर पुन्हा कापूस) घ्यायची नाही हे बरोबरच आहे. पण नष्ट करायची म्हणजे जाळायचीच असं नाही. आधी शेळ्या-मेंढ्या सोडा, उरलेली हिरवी बोंडं, ज्यात अळी असते, ती त्या खाऊन घेतात. मग पऱ्हाटी उपटून श्रेडरनं बारीक करा, एकट्याला परवडत नसेल तर चार-पाच जण मिळून भाड्यानं आणा. बारीक केलेल्याचा ढीग करा, शेणकाला मारत जा, ओल टिकवा, थोडा वेस्ट डीकंपोजर (कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंचं द्रावण) असेल तर तो टाका. ढीग आतून गरम होते, त्यात अळी-कोष राहत नाही.

इथं एक चूक खूप होते. लोक बारीक केलेली वाळकी पऱ्हाटी मे मध्ये वावरात गाडतात आणि जूनमध्ये पेरतात, मग पीक पिवळं पडते आणि पुढच्या वर्षी पुन्हा काडीपेटी. लाकडासारखी कडक काडी कुजताना जमिनीतलं नत्र ओढते, पिकाला राहत नाही. म्हणून गाडायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच, पाणी असेल तर एक ओलीत देऊन, नाहीतर आधी कुजवून मगच टाका. आणि उपटून धुऱ्यावर रचून ठेवणं म्हणजे अळीला पुढच्या हंगामापर्यंत घर बांधून देणं, तेही नको. जवळपास ब्रिकेटचा (काडीकचरा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्यांचा) कारखाना असेल तर चौकशी करा, पऱ्हाटीचे ब्रिकेट बॉयलरमध्ये कोळशाऐवजी चालतात.

जंगलालगतच्या गावांना, गडचिरोली-गोंदियाकडच्या मंडळींना एक हात जोडून विनंती, मोहाखालचा पाला पेटवू नका. फुलं वेचायला सोपं पडते हे खरं, पण ती आग मोहाखाली थांबत नाही. झाडाखाली झाडून घ्या किंवा जुनी हिरवी नेट अंथरा, फुलं स्वच्छ मिळतात, मातीची राहत नाहीत आणि भाव पण बरा येते.

सोयाबीन पिवळं पडलं की युरिया

हे सगळ्यात महागात पडणारं. सोयाबीनच्या मुळावर गाठी असतात, त्या हवेतलं नत्र धरतात. पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्यानं एक झाड हळूच मुळासकट काढा, मूळ पाण्यात धुवा, एक गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर ती काम करतेय, त्या वावराला वरून युरिया द्यायची गरज नाही. पांढरी किंवा हिरवट असेल तर गाठ कामाची नाही, पुढच्या वेळी बियाण्याला रायझोबियम (गाठी करणारे जिवाणू) लावा. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, रायझोबियम शेवटी, सावलीत वाळवून लगेच पेरा, एकाच वेळी सगळं कालवून ठेवलं तर जिवाणू मरते.

मग पिवळं काहून पडते? चुनखडीच्या किंवा पाणी साचलेल्या जमिनीत लोह मिळत नाही म्हणून कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहतात, तिथं चर काढून पाणी बाहेर काढा, लोहाची फवारणी लागेल. पानावर पिवळे-हिरवे चट्टे असतील तर तो मोझॅक, पांढऱ्या माशीनं आणलेला. दोन्हीला युरियाचा उपयोग शून्य. आणि जास्तीचा युरिया साचल्या पाण्यात नायट्रस ऑक्साइड होऊन उडते, तो वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा २७३ पट जास्त उष्णता धरते. कपाशीला युरिया लागतोच, पण मोठा पाऊस यायच्या तोंडावर फेकू नका, दोन-तीन वेळा विभागून द्या आणि डवऱ्यानं मातीआड करा. माती परीक्षणाचा कागद घरात पडला असेल तर दुकानात जाताना खिशात घेऊन जा.

धानाची बांधी

भंडारा-गोंदियाकडे बांधीत (बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात) सतत पाणी उभं ठेवायची सवय आहे, पाण्याखालच्या चिखलात मिथेन तयार होते. खरिपात पाऊस आपल्या हातात नाही, तिथं फार काही सांगत नाही. पण उन्हाळी धानाला मोटरचं पाणी आहे, तिथं एक फूटभर पाइपाला खाली छिद्रं पाडून बांधीत रोवा, आतलं पाणी जमिनीच्या १५ सेंटीमीटर खाली गेलं की मगच पाणी द्या. रोवणीनंतरचे पहिले पंधरा दिवस आणि फुलोऱ्यात मात्र असं करू नका, तेव्हा पाणी उभंच पाहिजे. मिथेन कमी होते आणि मोटर पण कमी चालते.

मोटरचा ऑटो आणि सोलर

लाइन रात्री येते म्हणून ऑटो स्विच (लाइन आली की मोटर आपोआप सुरू करणारा) लावतात, आणि मग पाइप ज्या सरीत सोडला त्याच सरीत रातभर पाणी. ५ एचपीची मोटर तासाला साधारण ४ युनिट खाते आणि कोळशाच्या विजेच्या एका युनिटमागं जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड निघते, बिल माफ असलं तरी धूर माफ नाही. विहीर उपसली की मोटर कोरडी फिरते आणि जळते ते वेगळं. ऑटोसोबत टायमर आणि ड्राय रन कटऑफ (पाणी संपलं की मोटर बंद करणारा) लावा, रिवाइंडिंगच्या एका खर्चात तो निघून जाते. फूटवॉल (विहिरीतल्या पाइपाच्या टोकाची झडप) गळत असेल तर तो आधी बदला.

सोलर पंपाचं पाणी कमी झालं की लोक कंपनीला फोन लावतात आणि माणूस यायची वाट पाहतात. तोपर्यंत हे तपासा, पॅनेलवर धूळ-विष्ठा आहे का, बाजूच्या बाभळीच्या फांदीची सावली एका पॅनेलवर तरी पडते का, कारण पॅनेल एका माळेत जोडलेले असतात, एकावर सावली आली की सगळ्यांची ताकद कमी होते. फांदी छाटा, झाड तोडू नका. धुवायचं ते सकाळी, उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर काच तडकू शकते, आणि साबण पावडर, घासणी लावू नका, ओरखडे पडतात. मे लागायच्या आधी नटबोल्ट आवळून घ्या, आपल्याकडची वादळं तुम्हाला माहीतच आहे. घराच्या छपरावर लावायचं असेल तर पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजारापर्यंत सबसिडी आहे, १ किलोवॅट दिवसाला साधारण ४ युनिट देते. आधी घरचा वापर मोजा, मग किती किलोवॅट ते ठरवा, दुकानदार म्हणेल तेवढं नाही.

झाडं, ठिबकच्या नळ्या, चूल, कुलर

झाड जूनमध्ये लावलं म्हणजे झालं नाही, ते मरते मार्च ते मे मध्ये. लावतानाच ठरवा की उन्हाळ्यात पाणी कोण घालणार, आणि जेवढ्यांना पाणी पुरते तेवढीच लावा. मुळाजवळ मडकं पुरून त्यात पाणी भरून ठेवलं तर कमी पाण्यात भागते. बोराट्यांचं काटेरी कुंपण पहिल्या दिवशीच करा, शेळी उद्या यायची ती आजच येते. कडुनिंब, चिंच, मोह, बेहडा हे आपल्या उन्हाला टिकतात.

जुन्या ठिबकच्या नळ्या आणि मल्चिंग पेपर जाळू नका, संत्र्याच्या पट्ट्यात हे फार दिसते, तो धूर पोरांच्या नाकात जाते. नळ्या भंगारवाला घेते, गुंडाळून ठेवा.

सिलेंडर महाग आहे म्हणून चूल पेटते हे मला माहीत आहे, त्यावर कोणाला बोल लावत नाही. निदान ओलं सरपण घालू नका, पावसाळ्याआधी फोडून आत रचून ठेवा, भांड्यावर झाकण ठेवा, डाळ कुकरमध्ये लावा.

आणि कुलर. दारं-खिडक्या बंद करून कुलर लावला की खोलीत दमट होते, अंग चिकचिक करते, मग वाटते की कुलर काही कामाचा नाही, एसी घेऊ. कुलरच्या समोरच्या बाजूची खिडकी उघडी ठेवा, ओली हवा तिकडून निघून गेली पाहिजे. दरवर्षी ताट्या बदला, पंपाच्या जाळीतला क्षार काढा, टाकीतलं पाणी आठवड्यात एकदा पूर्ण ओतून टाका, डास होत नाहीत. घरचा कुलर साधारण २०० वॅटमध्ये चालते, दीड टनाच्या एसीला दीड हजार वॅटच्या आसपास लागतात, आणि आपल्या कोरड्या उन्हाळ्यात मृग लागेपर्यंत कुलरवर भागते.