घरातल्या वयस्कर माणसांची वही कशी ठेवावी

कोल्हापुरात म्हाताऱ्या माणसाला तब्येत विचारली की उत्तर ठरलेलं असतं: "बरं हाय की, मला काय धाड भरलीया?" गुडघा सुजलेला असतो, रात्री चारदा उठावं लागतं, रंकाळ्याची फेरी कधीच बंद झालेली असते, तरी बरंच असतं. पुण्याहून रविवारी फोन करणाऱ्या मुलाला तेवढंच ऐकू येतं आणि मग एक दिवस आबा 'अचानक' पडतात. बहुतेक घरांत त्याआधी वर्षभर एकेक काम हातातून सुटत गेलेलं असतं, पण ते कुणी लिहून ठेवलेलं नसतं. म्हणून "कसं वाटतंय?" हा प्रश्न सोडून द्या आणि "काय काय स्वतःचं स्वतः होतंय?" हे ठरावीक दिवसांनी लिहायला लागा.

आधी त्यांना विचारा

शंभर पानी वही पुरे. मोबाइलमधलं ॲपही चालेल, पण घरातल्या सगळ्यांना त्यात लिहिता आलं पाहिजे. वही चोरून ठेवू नका. आपल्यावर पाळत आहे असं एकदा वाटलं की म्हातारी माणसं पडलेलंही लपवतात. ज्यांनी उभा जन्म दुधाचा आणि ऊसबिलाचा हिशेब ठेवला, त्यांच्याच हातात पेन दिलं तर फारच उत्तम. कुठलं पान डॉक्टरांना किंवा सुनेला दाखवायचं, हेही त्यांनाच ठरवू द्या.

सहा रोजची कामं

पहिलं पान अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, अंथरुणातून किंवा खुर्चीतून उठणं-बसणं, लघवी-शौचावरचा ताबा आणि हातानं जेवणं यांचं. अमेरिकेतले डॉक्टर सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963 मध्ये ही यादी मांडली आणि जगभर ती आजही वापरतात. प्रत्येकापुढं 'स्वतः', 'मदतीनं' किंवा 'होत नाही' लिहा. या सहांत सहसा आधी अवघड होते ती अंघोळ, आणि हातानं खाणं शेवटपर्यंत टिकतं.

नुसती खूण मात्र पुरत नाही, एक ओळ जोडा. 'अंघोळ: स्वतः. पण बादली सून भरून देते, उठताना नळाला धरतात.' ही ओळ वाचणाऱ्याला लगेच कळतं की मोरीत भिंतीला दांडा बसवायला हवा, कारण नळ माणसाचं वजन पेलत नाही. आपल्याकडं कपड्यांतही बरंच दिसतं. जन्मभर नऊवारी नेसलेली आजी गाऊनवर आली, तर ती सोयीसाठी आली की खांदा वर जात नाही म्हणून, ते विचारून लिहा. देशी संडासात बसून उठता येतं का आणि जमिनीवर जेवायला बसल्यावर उठताना हात टेकावा लागतो का, हे परदेशी यादीत सापडणार नाही. आपल्या वहीत ते हवंच.

घर चालवण्याची कामं

दुसरी यादी लॉटन आणि ब्रॉडी यांची, 1969 ची. फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं आणि पैशाचे व्यवहार अशी आठ कामं. रोजच्या सहा कामांच्या आधी बहुधा यांतलं काहीतरी ढासळतं, त्यामुळं खरं लक्ष इथं हवं.

इथंच गोंधळही जास्त होतो. आबांना चहा करता येत नाही असं लिहाल, पण त्यांनी गॅस कधी पेटवला होता? ही अडचण फक्त आपल्याच घरांत आहे असं नाही. मूळ यादी वापरतानाही पुरुषांसाठी स्वयंपाक, घरकाम आणि कपडे धुणं पूर्वी धरत नसत. म्हणून प्रत्येक 'होत नाही'च्या पुढं कारण लिहा: पूर्वी करत होते आणि आता जमत नाही, कधी केलंच नव्हतं, की घरचे करू देत नाहीत. तिसरं कारण माझ्या मते सगळ्यात जास्त आढळतं. "आई, तुम्ही बसा" असं प्रेमानं म्हणत आपण हातातलं काम काढून घेतो आणि वर्षभरानं खरंच ते काम होईनासं होतं. तसं दिसलं तर भाजी निवडणं, कपिलतीर्थ मार्केटपर्यंत जाणं, गॅसचं बुकिंग असं काहीतरी परत सोपवून बघा.

प्रवासाच्या ओळीत नेमकं लिहा. 2022 पासून 75 वर्षांवरच्यांना राज्यात एसटी मोफत आहे, त्यामुळं पैशाची सबब उरत नाही. गडहिंग्लजला लेकीकडं एकट्या जाणाऱ्या मावशी आता सोबत मागत असतील तर पायरी चढवत नाही, स्टँडवरची पाटी दिसत नाही, की गाडी चुकेल याची भीती वाटते? तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

घड्याळ आणि वजनकाटा

हात असलेली खुर्ची घ्या. पुढं 3 मीटरवर खूण करा. दोन फुटी फरशी असेल तर पाच फरश्या मोजा. नेहमीच्या चपला आणि काठी असेल तर काठी घेऊन उठायचं, रोजच्या चालीनं खुणेपर्यंत जायचं, वळून परत यायचं आणि बसायचं. तुम्ही शेजारी उभे राहा, पण धरू नका. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका वाढलेला समजतात. आकडा 12 च्या आत असला, पण 8 चे 11 झाले असले, तरी डॉक्टरांना सांगा.

वजन महिन्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर. प्रयत्न न करता सहा महिन्यांत 60 किलोचे 57 झाले तर ते 5 टक्के, आणि दुर्लक्ष करण्यासारखं नाही. कारण बऱ्याचदा ताटात दिसतं. तांबडा-पांढरा वाट्या भरून पितात आणि मटणाचे पीस बाजूला सारतात, म्हणजे आधी दात बघा. वाढलेले उपवासही मोजा.

बीपी मोजताना एक जास्तीचं करा. पाच मिनिटं पडून राहिल्यावर मोजा, मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी परत मोजा. वरचा आकडा 20 नं किंवा खालचा 10 नं उतरला, तर रात्री उठल्यावर येणाऱ्या चक्करेचं कारण सापडलं असू शकतं. बीपीच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी असं होतं. गोळी आपल्या मनानं मात्र बंद करू नका.

नजर, कान आणि मन यांना एकेक ओळ पुरे: पेपर वाचतात का, टीव्हीचा आवाज वाढलाय का, कट्ट्यावर जायचं सोडलंय का. स्मरणाचं लिहिताना नाव विसरणं वेगळं आणि उभा जन्म शिवाजी पेठेत काढून महाद्वार रोडवरून घर न सापडणं वेगळं.

कधी लिहायचं

पडणं, नवी गोळी, दवाखान्यात दाखल होणं हे त्याच दिवशी. वजन दर महिन्याला, बाकी सगळं तीन महिन्यांनी, तेच प्रश्न, तीच खुर्ची, तीच वेळ. ताप किंवा चिकुनगुनियातून उठल्याबरोबर मोजलंत तर शेजारी तसं नोंदवा. देशपातळीवर वयस्कर लोकांच्या 'लासी' नावाच्या सरकारी पाहणीत हेच तत्त्व आहे. 2017-18 मध्ये 45 वर्षांवरच्या 72 हजारांहून जास्त लोकांची पहिली फेरी झाली, ती त्याच माणसांकडं पुन्हा जायचं असं ठरवूनच.

वहीत लिहीत न बसता निघायचं, असेही प्रसंग असतात. तोंड वाकडं होणं, हातातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं दिसलं की 108 ला फोन करा आणि कितीला सुरू झालं ती वेळ सांगा. एक-दोन दिवसांत माणूस भ्रमिष्टासारखं बोलू लागला किंवा दिवसाही झोपून राहू लागला, तर लघवीतला जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं किंवा नवी गोळी, असं काहीही असू शकतं. वय झालं म्हणून घरी बसवू नका, त्याच दिवशी दाखवा.

डॉक्टरांकडं जाताना

सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत असो की पेठेतल्या नेहमीच्या डॉक्टरांकडं, अख्खी वही वाचायला कुणाला वेळ नसतो. मागच्या वेळेपासून काय बदललं ते वरच्या पानावर पाच-सहा ओळींत लिहा आणि चालू गोळ्यांच्या सगळ्या स्ट्रिप्स, आयुर्वेदिक धरून, एका पिशवीत घ्या. 70 वर्षांवरच्यांना मोफत उपचारांसाठी मिळणारं सरकारी आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं नसेल तर काढून घ्या, दाखल व्हायची वेळ आल्यावर धावाधाव होत नाही. आई सहा महिने एका भावाकडं आणि सहा महिने दुसऱ्याकडं राहत असेल, तर औषधांच्या पिशवीबरोबर वहीही जाऊ दे आणि प्रत्येक नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असू दे.