डार्क फँटसी सिनेमा आणि ख्रिस्ती घरातली मुलं: या चुका टाळा

‘त्यात चेटकीण आहे का?’ बऱ्याच ख्रिस्ती घरांत एवढ्या एका प्रश्नावर सिनेमाचा निकाल लागतो. असेल तर नको, नसेल तर लावा. या चाळणीतून नको ते सहज आत येतं आणि चांगलं काही बाहेर राहतं, कारण इथे दोन प्रश्नांची गल्लत झालेली असते. पहिला प्रश्न असा की, आपल्या मुलाला हे दृश्य आजच्या वयात झेपेल का? दुसरा असा की, वाईट काय आणि ते कशाने हरतं याबद्दल सिनेमा जे सांगतो ते आपल्या विश्वासाशी जुळतं का? पहिल्याचं उत्तर मुलाकडे बघून द्यायचं, दुसऱ्याचं कथेकडे बघून. खालच्या बहुतेक चुका हे दोन्ही एकत्र केल्यामुळे होतात.

चूक: गोष्टीत लहान मूल आहे, म्हणजे सिनेमा मुलांचा

गिलेर्मो देल तोरो यांचा ‘पॅन्स लॅबिरिंथ’ (२००६) हे याचं ठळक उदाहरण. पोस्टरवर लहान मुलगी, गोष्टीत पऱ्या, जुनी विहीर, तीन कामगिऱ्या. पण कथा १९४४ च्या स्पेनमधली आहे. त्यात एक लष्करी कॅप्टन बापाच्या डोळ्यांदेखत त्याच्या मुलाचा चेहरा बाटलीने ठेचून त्याला मारतो आणि कॅमेरा तिथून हलत नाही. पुढे कैद्याचा छळ आहे, बाळंतपणातला मृत्यू आहे आणि शेवटी त्या मुलीलाच गोळी लागते. अमेरिकेत त्याला ‘आर’ (सतराखालच्यांनी मोठ्यांसोबतच बघायचा), ब्रिटनमध्ये ‘१५’ (पंधराखालच्यांना नाही) प्रमाणपत्र मिळालं. तळहातांत डोळे असलेला राक्षस तेवढा सगळ्यांच्या लक्षात राहतो; मुलाला खरा त्रास होतो तो माणसांनी माणसांशी केलेल्या क्रूरपणाचा.

आपल्याकडचा ‘तुंबाड’ (२०१८) तसाच. कोकणातला जुना वाडा, पाऊस, दोन भाऊ आणि आजीची गोष्ट अशी सुरुवात आहे, पण प्रमाणपत्र ‘ए’ आहे. लोभाबद्दल तो जे सांगतो ते १ तीमथ्य ६:१० शी जुळतं हे खरं, तरी त्याने दहा वर्षांच्या मुलासमोर तो लावायला परवानगी मिळत नाही. गंमत म्हणजे ‘पॅन्स लॅबिरिंथ’मध्येही शेवटी ती मुलगी लहानग्या भावाचं रक्त सांडायला नकार देते आणि स्वतःचं रक्त देते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाशी यावर चांगला तासभर बोलता येईल. पण विषय चांगला आहे म्हणून वयाचा प्रश्न मिटत नाही.

चूक: प्रमाणपत्र न वाचणं, किंवा अर्धवट वाचणं

पूर्वी ‘यूए’ एवढंच लिहिलेलं असायचं. अर्थ असा की, बारा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांनी ठरवावं. २०२३ च्या कायदादुरुस्तीने आणि २०२४ च्या नियमांनी त्याचे तीन भाग केले: यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. हे आकडे पालकांसाठी सल्ला आहेत, थिएटरच्या दारात कुणी वय तपासून अडवत नाही. ‘ए’ मात्र बंधनकारक आहे. ओटीटीवर २०२१ च्या नियमांनुसार मंच स्वतःच वर्गवारी करतात, आणि १३+ व त्यावरच्या गोष्टींसाठी कुलूप लावायची सोय देणं त्यांना बंधनकारक आहे. कुलूप आपोआप लागत नाही. सेटिंगमध्ये जाऊन पिन टाका, मुलांचं प्रोफाइल वेगळं करा आणि पुढचा भाग आपोआप सुरू होणं बंद करा. थिएटरमध्ये कापलेलं दृश्य ओटीटीवर असू शकतं, त्यामुळे ‘आम्ही टॉकीजला बघितलाय, काही नाही त्यात’ यावर विसंबू नका. हिंदी डबिंगमध्ये शिव्या सौम्य होतात, चित्र तेच राहतं.

मालिकेतला पहिला सिनेमा बघून पुढचे सगळे मंजूर करणं ही याचीच बहीण. हॅरी पॉटरचे पहिले तीन सिनेमे अमेरिकेत ‘पीजी’ (पालकांनी ठरवावं) होते. चौथा (२००५) ‘पीजी-१३’ (तेराखालच्यांसाठी पालकांनी जास्त जपावं) झाला: त्यात शाळकरी मुलाचा खून होतो आणि स्मशानात हाड, मांस व रक्त वापरून खलनायकाला पुन्हा शरीर मिळतं, त्यासाठी एक माणूस स्वतःचा हात तोडतो. सहावा (२००९) पुन्हा ‘पीजी’, पण पाण्यातून वर येणारी प्रेतं त्यातच आहेत. प्रत्येक भाग वेगळा तपासावा लागतो, दुसरा इलाज नाही.

चूक: ‘ख्रिस्ती’ सिनेमा आहे, म्हणून चार वर्षांच्या मुलालाही चालेल

ख्रिस्ती लेखक सी. एस. लुईस यांच्या कादंबरीवरचा नार्नियाचा पहिला सिनेमा (२००५) रविवारच्या शाळेतही आवडीने दाखवला जातो. त्यात सिंहाला बांधतात, त्याची आयाळ कापतात, भोवती विद्रूप प्राण्यांचा जमाव ओरडत असतो आणि दगडी मेजावर त्याला सुऱ्याने मारतात. मोठ्यांना वधस्तंभ दिसतो, चार वर्षांच्या मुलाला लाडका सिंह मारलेला दिसतो. त्यात सिनेमा जवळपास अडीच तासांचा. मूल दमलेलं असतं तेव्हाच हे दृश्य येतं.

आणखी वाईट तेव्हा होतं, जेव्हा मूल रडायला लागलं म्हणून नेमका तिथेच टीव्ही बंद करतात. मग त्याच्या वाट्याला उत्तम शुक्रवार येतो आणि पुनरुत्थान राहून जातं. भीतीच्या टोकावर बंद केलेला सिनेमा मुलाच्या डोक्यात चालूच राहतो. बंद करायचाच असेल तर शेवट लगेच तोंडी सांगा: ‘सकाळी सिंह परत जिवंत होतो, मेज दुभंगतं, मुली त्याच्या पाठीवर बसून जातात.’ मूल तयार असेल तर पुढचा आनंदाचा भाग आवाज कमी करून दाखवा.

चूक: मोठ्यांना काय भीतीदायक वाटतं त्यावरून मुलाचं ठरवणं

साधारण सात वर्षांपर्यंत मूल दिसण्यावर जातं. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जोॲन कँटर यांनी ‘हल्क’ या टीव्ही मालिकेबाबत दाखवून दिलं की, सर्वात लहान मुलं घाबरायची ती साध्या माणसाचा हिरवा राक्षस होताना. तो मदतीला आलाय हे मोठ्या मुलांना कळायचं, धाकट्यांना नाही. म्हणून या वयासाठी तपासताना रूप बदलणं, विद्रूप चेहरा, अचानक येणारा आवाज यांवर नजर ठेवा. आठ ते बाराच्या मुलांना ‘हे खरंच होऊ शकतं का’ हा प्रश्न छळतो: आई हरवणं, घर जळणं, कुणीतरी पळवून नेणं. त्यापुढच्या वयात अन्याय, छळ आणि शेवटी काहीच हाती न लागणं हे जास्त खोलवर जातं.

‘कोरलाइन’ (२००९) ‘पीजी’ आहे, त्यात रक्त जवळजवळ नाही, आणि तरीही अनेक सहा वर्षांच्या मुलांना तो जड जातो. त्यात आईसारखीच दिसणारी दुसरी आई आहे, डोळ्यांच्या जागी बटणं असलेली. ती आधी लाड करते, मग मुलीच्या डोळ्यांवर बटणं शिवायला निघते. सुरक्षित जागा म्हणजे आई, आणि तीच धोका होते. पुनरावलोकनातल्या ‘हिंसा’ या रकान्यात यातलं काही सापडणार नाही. जे मूल नुकतंच आईपासून दूर राहिलंय किंवा ज्याच्या घरी आजारपण चालू आहे, त्याच्यासाठी हा सिनेमा वर्षभर मागे ठेवा.

चूक: जादू मोजणं

बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात (१८:१०-१२) शकुन पाहणं, जादूटोणा, मृतांना विचारणं यांना स्पष्ट मनाई आहे, आणि कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचे परिच्छेद २११६-२११७ तेच सांगतात. पण मनाई कृतीला आहे. कथेत ती कृती आली की कथाच निषिद्ध असं धरलं, तर एन्दोरच्या बाईकडे रात्री वेष पालटून गेलेल्या शौल राजाची गोष्ट (१ शमुवेल २८) मुलांना वाचून दाखवता येणार नाही. बघायचं ते हे की, कथा त्या कृतीला काय किंमत लावते.

मंत्र किती वेळा म्हटला हे मोजत बसण्यापेक्षा चार गोष्टी कागदावर लिहून तपासा. शक्ती कुठून येते? त्या काल्पनिक जगात पक्ष्याला पंख असावेत तशी कुणाला जन्मतः असलेली ताकद वेगळी, आणि आत्म्यांना बोलावून, करार करून मिळवलेली ताकद वेगळी. मूल घरी त्याची नक्कल करू शकेल का? काठी फिरवून काही होत नाही हे मुलाला दुसऱ्या मिनिटाला कळतं. पण आपल्यासारख्याच घरात, वाटी-नाणं किंवा पत्ते घेऊन आत्म्याला बोलावण्याची रीत पायरीपायरीने दाखवली असेल, तर पाहुण्या भावंडांच्या पुढच्या मुक्कामात तो प्रयोग होणार असं धरून चाला. तिसरं, वाईट मार्गाने जाणाऱ्याला सिनेमा शेवटी बक्षीस देतो का? चौथं, वाईट कशाने हरतं: त्यागाने, निष्ठेने, खरेपणाने, की त्याहून मोठ्या जादूने आणि जास्त क्रूर होऊन?

याच चाळणीतून नार्नियाचा दुसरा सिनेमा (२००८) बघा. त्यात रक्त वापरून बर्फातल्या चेटकिणीला परत आणायचा विधी आहे. दिसायला भीषण, पण कथा त्याला सरळ मोह म्हणते आणि तो मोडून टाकते. दहा वर्षांच्या मुलाबरोबर तिथे थांबून बोलता येतं. उलट ‘कोरलाइन’मध्ये चहाच्या पानांवरून भविष्य बघणं हलक्याफुलक्या विनोदात येऊन जातं, आणि बहुतेक पालकांच्या ते लक्षातही येत नाही. आमच्या मते तेवढ्याने सिनेमा बाद होत नाही. दोन वाक्यं बोलायला हवीत, एवढंच.

पवित्र वस्तूंचा मात्र वेगळा हिशेब करा. क्रूस, ख्रिस्तप्रसाद, प्रार्थना यांची टर उडवलीय का, की दुष्ट धर्मगुरू दाखवून ढोंगावर टीका केलीय, यात फरक आहे. शास्त्री-परूश्यांवर येशूने केलेली टीका धर्मशिक्षणात आलेली असेल, तर बारा-तेरा वर्षांच्या मुलाला तो कळतो.

चूक: व्हॉट्सॲपवरचा निरोप हाच निर्णय

‘हा सिनेमा सैतानी आहे, सर्वांना पाठवा’ असा निरोप आला की, पाठवणाऱ्याने तो बघितलाय का एवढं विचारा. उलट बाजूने, एकाच संस्थेच्या शिक्क्यावरही थांबू नका. ‘द गोल्डन कंपास’ (२००७) या सिनेमाचं बरंच अनुकूल परीक्षण अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेच्या चित्रपट विभागाने छापलं आणि त्याच डिसेंबरात मागे घेतलं; एका कॅथलिक संघटनेची बहिष्काराची हाक तेव्हा चालू होती. वाद मुख्यतः मूळ कादंबऱ्यांच्या धर्मविरोधी सुराचा होता, आणि सिनेमात तो बराच सौम्य केलेला होता. लेखकाबद्दलचं मत आणि समोरच्या सिनेमाबद्दलचं मत वेगळं ठेवा. १९९५ मध्ये व्हॅटिकनने सिनेमाच्या शताब्दीनिमित्त ४५ चित्रपटांची यादी काढली, तिच्यात ‘नोस्फेराटू’ हा १९२२ चा रक्तपिपासू भुताचा मूकपटही आहे. अर्थात ती यादी लहान मुलांसाठी नव्हती.

‘प्लग्ड इन’ या ख्रिस्ती संकेतस्थळाच्या परीक्षणात आध्यात्मिक बाबींचा वेगळा भाग असतो. आधी तो वाचा, मग हिंसेचा. ‘कॉमन सेन्स मीडिया’ वयाचा अंदाज देतं. अमेरिकन कॅथलिक वर्गवारीत एक फसवी जागा आहे: तिथलं ‘ए-१’ म्हणजे सर्वांसाठी, ‘ए-२’ किशोर आणि प्रौढांसाठी, ‘ए-३’ फक्त प्रौढांसाठी. आपल्या ‘ए’शी त्याचा संबंध नाही. मग स्वतः बघा. वेळ नसेल तर पहिली वीस मिनिटं, मधली दहा आणि शेवटची पंचवीस बघा. शेवट सोडू नका.

चूक: घाबरलेल्या मुलाला ‘भूतबीत काही नसतं’ म्हणणं

ही समजूत इतर घरांत कदाचित चालत असेल. ख्रिस्ती घरात ती पुढच्याच रविवारी उलटते, कारण मार्क ५ मधला अशुद्ध आत्म्यांनी पछाडलेला माणूस मुलाने ऐकलेला असतो. ‘तू म्हणालीस नसतं, मग फादर का वाचतात?’ याला उत्तर नसतं. त्याऐवजी दोन गोष्टी वेगळ्या सांगा. पडद्यावरचा राक्षस खोटा: तो रबराचा मुखवटा आहे, संगणकावरचं चित्र आहे, किंवा ‘कोरलाइन’सारख्या सिनेमात एकेका फ्रेमला हाताने हलवलेली बाहुली आहे. वाईट मात्र खरं आहे, आणि त्याच मार्क ५ मध्ये ते येशूसमोर गयावया करतं.

सातखालच्या मुलाला हे स्पष्टीकरण फारसं पोचत नाही. त्याला जवळ घ्या, पाणी द्या, खोलीचा कोपरा दिवा लावून दाखवा, ओळखीचं स्तोत्र किंवा रक्षक देवदूताची प्रार्थना नेहमीच्याच आवाजात म्हणा. आठच्या पुढच्याला दुसऱ्या दिवशी, उजेडात, सिनेमा कसा बनवला त्याची फीत दाखवा. राक्षसाचं चित्र काढायला सांगितलं तरी बरंच सैल होतं. ‘बघितलंस ना, म्हणून देवाने शिक्षा केली’ असं अजिबात म्हणू नका. मग पुढच्या वेळी मूल चोरून बघेल आणि घाबरल्यावर सांगणार नाही. दोन-तीन आठवड्यांनंतरही झोप उडत असेल, अंथरूण ओलं होत असेल किंवा मूल एकटं खोलीत जात नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आणि दुसऱ्याचं मूल घरात असताना

सुटीत चुलत-मावस भावंडं जमतात, त्यात कुणी कॅथलिक, कुणी सीएनआयचं (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), कुणाच्या घरी पेंटेकॉस्टल मंडळी. काही घरांत कोणतीही जादूची गोष्ट चालत नाही, आणि रोमकरांस पत्राचा १४ वा अध्याय अशाच मतभेदांसाठी आहे. आपल्याला मंजूर म्हणून त्यांच्या मुलाला दाखवू नका. आदल्या दिवशी फोन करून सिनेमाचं नाव, वय आणि एक-दोन अवघड दृश्यं सांगा. काकूने नको म्हटलं तर दुसरा सिनेमा लावा, आणि तिच्या मुलांसमोर ‘त्यांच्याकडे फार कडक’ असं बोलू नका. सर्वात धाकट्याच्या वयानुसार सिनेमा निवडा. मोठ्यांचा रात्री, धाकटी झोपल्यावर, दार लावून आणि आवाज कमी ठेवून.