शाहू जयंतीचा गुळाचा चहा, पंचवीस कपांसाठी

२६ जूनला, राजर्षी शाहू महाराजांच्या जयंतीला, आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सकाळी आठला चहा असतो. पेढे नाहीत, केक नाही. चहाच का, ते आधी सांगते.

गंगाराम कांबळे महाराजांच्या पागेत कामाला होते. पाण्याला हात लावला एवढ्यावरून तिथल्याच लोकांनी त्यांना मारलं. महाराज तेव्हा कोल्हापुरात नव्हते. परत आल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला सांगितलं. गंगारामांनी भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचं हॉटेल काढलं. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक कुठून येणार? मग महाराज स्वतःच त्या हॉटेलसमोर गाडी थांबवून चहा मागवू लागले. आपण प्यायचे, बरोबरच्या मंडळींनाही पाजायचे. छत्रपती पितात म्हटल्यावर नाही म्हणायची सोय नव्हती.

माझ्या आजोळी गोठ्याच्या कोनाड्यात एक कान तुटलेली कपबशी असायची. शेतावर येणाऱ्या म्हाताऱ्या गड्याची. आज्जी तीत वरून चहा ओतायची, ते बाबा पिऊन, विसळून ती परत कोनाड्यात ठेवायचे. सात-आठ वर्षांची असताना मी ती घरात आणली, तर आज्जीनं मला अंगणातच थांबवून आंघोळ घातली. हे घडलं तेव्हा महाराजांना जाऊन पन्नास वर्षं उलटली होती. आज्जीवर माझा फार जीव होता. तरी ती कपबशी डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून आधी कपांचं बघा. पंचवीसच्या पंचवीस एकसारखे हवेत, काचेचे किंवा चिनीमातीचे. कागदी आणू नका. कागदी कप पिऊन फेकला जातो, तो पुन्हा कुणाच्या ओठाला लागत नाही. इथे तर एकाचा कप पुन्हा दुसऱ्याच्या ओठाला लागायलाच हवा. जिना झाडणाऱ्या ताई, वॉचमनकाका, घंटागाडीवरची पोरं, आमच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशी आणि फ्लॅटवाले, सगळ्यांनी एकाच परातीतून हाताला येईल तो कप उचलायचा. आमंत्रण आदल्या दिवशी, समोर जाऊन द्या. ‘खाली चहा आहे, येऊन जा’ असं जाता-जाता सांगितलं तर माणसं कोपऱ्यात उभी राहतात.

आता गूळ. कोल्हापुरातल्या शाहूपुरीची गुळाची पेठ महाराजांनीच १८९५ मध्ये वसवली, त्यामुळे त्यांच्या जयंतीला साखर माझ्या मनाला पटत नाही. जूनपर्यंत गुऱ्हाळांच्या काईली थंड झालेल्या असतात, म्हणून मी मार्चमध्येच पाच किलोची ढेप घेऊन ठेवते. पिवळाधमक गूळ घेऊ नका, रंग उजळायला पावडर घातलेली असू शकते. तांबूस-तपकिरी घ्या आणि खडा चाखून बघा. खारट लागला तर भाजी-आमटीला ठेवा, चहाला नको.

पंचवीस कपांना गूळ २७५ ग्रॅम, पाणी दीड लिटर, दूध सव्वा लिटर, चहा पावडर ६० ग्रॅम, आलं ५० ग्रॅम, वेलदोडे दहा-बारा. पन्हाळ्यावर महाराजांनी चहा-कॉफीची लागवडही करून पाहिली होती. आज आपल्याला दुकानातलीच पावडर घ्यायची आहे, फक्त कडक घ्या. गुळापुढे हलकी पावडर टिकत नाही.

गुळाचा चहा फाटतो, ही सगळ्यांची तक्रार. गूळ थोडा आंबट असतो, त्यात क्षारही असतात, आणि दूध उकळत असताना तो पडला की दूध नासतं. पहिल्या वर्षी माझा अख्खा टोप फाटला आणि माणसं रिकामे कप घेऊन उभी राहिली. तेव्हापासून मी अशी करते.

गूळ किसून वाटीभर गरम पाण्यात विरघळवते आणि गाळते. तळाशी बारीक खडा राहतोच. टोपात पाणी उकळलं की आधी ठेचलेलं आलं आणि वेलदोडे, पाच मिनिटं. कच्चं आलंही दूध फाडतं, म्हणून ते पाण्यातच नीट उकळू द्यायचं. मग पावडर, मंद आचेवर चार मिनिटं, आणि गाळून घ्यायचं. दूध ताजं हवं, कालची पिशवी नको. ते शेजारच्या शेगडीवर वेगळं तापवून उकळतं असतानाच कोऱ्या चहात ओता, एक उकळी आणा आणि गॅस बंद करा. दोन मिनिटं थांबा. आता गुळाचं पाणी धारेनं घालत ढवळा. यानंतर टोप पुन्हा आचेवर जाता कामा नये. भरवसा वाटत नसेल तर आधी एका कपात थोडं गुळाचं पाणी घालून बघा.

बरोबर तिखट-मिठाच्या पुऱ्या आदल्या रात्रीच तळून ठेवा. बाहेर पाऊस असतो, मऊ पडू नयेत म्हणून घट्ट झाकणाचा डबा घ्या.

चहा ओतणं आणि नंतर कप विसळणं हे आम्ही फ्लॅटवाले करतो. मावशी त्या दिवशी पाहुण्या. पहिल्या वर्षी त्या सवयीनं नळाकडे वळल्या होत्या, त्यांना हाताला धरून परत खुर्चीवर बसवावं लागलं. ते कप आता आमच्या घरात रोजच्या वापरात आहेत. कुठला कुणी प्यायला होता, मला सांगता येणार नाही.

हा चहा पुन्हा गरम करता येत नाही. उशिरा येणाऱ्यांसाठी कोरा चहा, दूध आणि गुळाचं पाणी थोडं-थोडं वेगळं काढून ठेवा. आमच्याकडे पेपर टाकणारा मुलगा लाईन संपवून नऊला येतो, भिजलेला. त्याच्यासाठी दोन कपांचं ठेवते.