बंदरापासून नागपूरपर्यंत अवजड यंत्रांची वाहतूक : या चुका टाळा

उमरेड, सावनेर किंवा वणीच्या कोळसा खाणींसाठी, नागपूरच्या मिहान प्रकल्पातील बांधकामांसाठी किंवा मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यासाठी परदेशातून मागवलेले मोठे यंत्र कोणत्याही बंदरात उतरले, तरी नागपूर तेथून दूरच आहे. न्हावा शेवा येथून भिवंडी, कसारा घाट, नाशिक, धुळे, अकोला, अमरावती या जुन्या महामार्गाने सव्वाआठशे ते साडेआठशे किलोमीटर अंतर पडते आणि पूर्व किनाऱ्यावरचे विशाखापट्टणमही जवळपास तितकेच लांब आहे. या प्रवासातील घोटाळे रस्त्यावर उघडकीस येत असले, तरी त्यांचे मूळ बहुधा ट्रेलर बंदरातून हलण्यापूर्वीच्या निर्णयांत असते. त्यामुळे नियोजनाची सुरुवात बंदरापासून न करता यंत्र जेथे उतरवायचे आहे त्या साइटपासून करावी आणि मग एकेक टप्पा मागे जात बंदरापर्यंत पोहोचावे, असे माझे ठाम मत आहे.

साइटवरचा शेवटचा रस्ता शेवटी पाहणे

विदर्भात ही चूक सर्वांत महागात पडते, कारण येथील जमीन काळ्या कापसाच्या मातीची आहे. ही माती पाण्याने फुगते, उन्हाने आकसून भेगाळते आणि पावसानंतर चार दिवस ऊन पडले की वरची खपली कडक दिसू लागते. पण भरलेल्या लो-बेडचे (कमी उंचीच्या पाट्याच्या ट्रेलरचे) मागचे एक्सल, म्हणजे चाकांचे आस, त्या खपलीवर आले की चाके बसतात आणि ट्रेलर एका बाजूला कलतो. महामार्गावरून सुखरूप आलेले यंत्र साइटच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर अडकून पडते, ते यामुळे. ट्रेलर येण्याच्या आठवडाभर आधी त्या वाटेवर दोन-तीन ठिकाणी फूट-दीड फूट खणून खालची ओल पाहावी, गरज असल्यास मुरूम टाकून रोलर फिरवून घ्यावा आणि उतरवण्याच्या जागी लोखंडी प्लेटा आधीच आणून ठेवाव्यात. ट्रेलर वळायला जागा आहे का, यंत्र मागच्या रॅम्पवरून उतरणार असेल तर मागे पुरेशी सपाट जमीन आहे का, हेही त्याच दिवशी ठरवावे.

चाके बसलीच, तर चालकाला रेस वाढवू देऊ नये. चाक जागच्या जागी फिरले की खड्डा खोल होतो आणि कल वाढतो. ट्रेलर सरळ उभा असेल आणि मागची जमीन घट्ट असेल, तर आधी यंत्र उतरवून वजन कमी करावे. एक्स्कॅव्हेटरच्या (खोदकाम यंत्राच्या) बकेटला चेन अडकवून ट्रेलर ओढण्याची पद्धत अनेक साइटवर दिसते, ती बंद व्हायला हवी. बकेटचे दात ओढण्यासाठी बनवलेले नसतात आणि ताणलेली चेन तुटली की ती कोणाच्या अंगावर जाईल, हे कोणीच सांगू शकत नाही.

कॅटलॉगमधील मापावर विसंबणे

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार सर्वसाधारण मालवाहू वाहनाची रुंदी २.६ मीटर आणि उंची ४ मीटरपर्यंत असू शकते. कंटेनर वाहून नेणाऱ्या वाहनाला ४.५२ मीटर उंचीची मुभा आहे, ती कंटेनरसाठी आहे. त्यावरून उघड्या यंत्रालाही तेवढी उंची चालेल, असे गृहीत धरणे चूक आहे. तीस टन वर्गातील एक्स्कॅव्हेटर साधारण ३.२ मीटर रुंद आणि वाहतुकीच्या स्थितीत ३.४ मीटर उंच असतो. लो-बेडचा पाटा जमिनीपासून ०.९५ मीटर असेल, तर एकूण उंची ४.३५ मीटर होते. म्हणजे रुंदी आणि उंची या दोन्ही बाबतींत हा माल मर्यादेबाहेरचा, म्हणजेच ओडीसी (ओव्हर डायमेन्शनल कार्गो) ठरतो.

कॅटलॉगमधील उंचीत केबिनवरचा दिवा, अँटेना आणि नंतर बसवलेले कठडे बहुधा धरलेले नसतात. पट्टे किंवा चाके यांच्याखाली घातलेल्या लाकडी फळ्यांची जाडी तर हमखास विसरली जाते. म्हणून खरे माप यंत्र ट्रेलरवर चढवून, बूम (यंत्राचा लांब हात) खाली घेऊन आणि टायरमध्ये पूर्ण हवा असताना सपाट जमिनीवर घ्यावे. वजनाचेही तसेच आहे. एकूण वजन मर्यादेत असूनही यंत्र अर्धा मीटर मागे बसले की मागच्या एक्सलवर जास्त भार येतो. २०१८ च्या सुधारणेनुसार चार टायरच्या एका एक्सलला ११.५ टन आणि टँडम एक्सलला (लागोपाठच्या दोन एक्सलच्या जोडीला) २१ टन अशी मर्यादा आहे, त्यामुळे बंदराजवळच्या वजनकाट्यावर एक्सलवार वजन करून घेणे इष्ट ठरते. परवानगीशिवाय जादा वजन नेल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड होतो. माल बाजूने, पुढेमागे किंवा उंचीने मर्यादेबाहेर गेला असल्यास २०,००० रुपये दंड आहे. माल उतरवून घेण्याचा खर्च दोन्ही प्रकारांत वेगळा द्यावा लागतो.

एक गाडी वाचवण्यासाठी सुटी बकेट आणि काउंटरवेट (यंत्राच्या मागचे समतोल राखणारे वजन) त्याच ट्रेलरवर ठेवण्याचा मोह टाळावा. ओडीसीची परवानगी ज्याचे भाग करता येत नाहीत अशा मालासाठी असते. सुटे होणारे भाग सोबत ठेवले की वजनही वाढते आणि परवानगीचा आधारही जातो.

एकच परवानगी सर्व रस्त्यांना चालेल असे समजणे

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या ऑनलाइन प्रणालीतून मिळणारी परवानगी राष्ट्रीय महामार्गांपुरती असते. महामार्ग सोडून उमरेडच्या आतील रस्त्याला लागलात की सार्वजनिक बांधकाम विभाग, शहराच्या हद्दीत शिरलात की महानगरपालिका आणि वाहतूक पोलीस यांचा संबंध येतो. जड वाहनांना शहरात प्रवेशबंदीच्या वेळा असतात, त्यामुळे ट्रेलर सकाळी वाडी नाक्याजवळ पोहोचून दिवसभर उभा राहतो आणि हॉल्टिंगचे (गाडी खोळंबल्याचे) पैसे चढत जातात. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण खुला झाला आहे आणि ७०१ किलोमीटरचा तो मार्ग वेळ वाचवणारा आहे. पण आपल्या मालाच्या मापांना आणि इगतपुरीच्या बोगद्यातून जाण्याला महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाची संमती लेखी हाती आल्याशिवाय तो मार्ग आराखड्यात धरू नये.

परवानगीपत्रावर वाहन क्रमांक, मापे, वजन, मार्ग आणि मुदत लिहिलेली असते. वाटेत पुलर (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) बिघडला म्हणून दुसरा लावला किंवा ट्रेलर बदलला, तर ते पत्र नव्या गाडीला लागू होत नाही. म्हणून अर्ज करतानाच पर्यायी पुलरचा क्रमांक समाविष्ट करता येतो का, हे विचारून घ्यावे. क्रॉलर क्रेनचा मुख्य भाग किंवा मोठा ट्रान्सफॉर्मर यांसारख्या हायड्रॉलिक एक्सलवरच्या (अनेक एक्सलच्या खास ट्रेलरवरच्या) मालाला पुलांची तपासणी हा वेगळा विषय असतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या संहितेत अशा विशेष वाहनासाठी ३८५ टनांचा भार गृहीत धरलेला आहे, पण त्यासोबत अटी आहेत : वाहन पुलाच्या मध्यभागातून, ताशी ५ किलोमीटरपेक्षा अधिक वेग न ठेवता जावे आणि त्या वेळी पुलावर दुसरे वाहन नसावे. मागे रांग लागली म्हणून चालकाला पूल लवकर ओलांडायला सांगणारा माणूस त्या पुलाच्या हिशेबाबाहेरचे काम करायला सांगत असतो.

ई-वे बिलातील एक रकाना

ही चूक छोटी आहे, म्हणूनच ती वारंवार होते. ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी जीएसटीखाली काढायचे ऑनलाइन बिल) भरताना वाहनाच्या प्रकारात नेहमीच्या सवयीने 'रेग्युलर' निवडले जाते. सर्वसाधारण मालाला २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो, तर ओडीसीला २० किलोमीटरमागे एक दिवस. ८४० किलोमीटरच्या प्रवासाला पहिल्या पर्यायात पाच दिवस मिळतात आणि दुसऱ्यात बेचाळीस. घाटात खोळंबा झाला, एखाद्या पुलासाठी थांबावे लागले की पाच दिवस अकोल्याच्या अलीकडेच संपतात आणि मुदत संपलेल्या बिलावर गाडी अडवली जाते. मुदतवाढ मुदत संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांतच घेता येते, त्यामुळे कार्यालयातील एका व्यक्तीने रोज बिलाची तारीख तपासावी.

चार कोपऱ्यांना चार चेन म्हणजे बांधणी झाली, असे मानणे

अचानक ब्रेक लागला तर माल पुढे सरकू नये यासाठी त्याच्या वजनाच्या ०.८ पट बल अडवता यावे, हा सर्वत्र वापरला जाणारा निकष आहे. बाजूला आणि मागे ०.५ पट. तीस टनांच्या यंत्राला पुढच्या दिशेने चोवीस टन अडवावे लागतात. ग्रेड ८० ची १३ मिलिमीटर चेन सरळ ओढीला दहा टन धरते, परंतु पुढे सरकणारे यंत्र अडवण्याचे काम मागे ओढणाऱ्या दोनच चेन करतात आणि त्या तिरप्या असल्यामुळे दोहोंचे मिळून पंधरा टनांच्या आसपास बल मिळते. उरलेले नऊ टन घर्षणातून यायला हवेत. यंत्राखाली कोरडे लाकूड किंवा रबरी चटई असेल तर ते येतात. लोखंडी पट्टे ओल्या लोखंडी पाट्यावर असतील तर तीन टनही कठीण. कसाऱ्याच्या घाटात मालाच्या खाली काय घातले आहे, यावर इतके अवलंबून असते.

एक्स्कॅव्हेटरची बकेट लाकडावर टेकवावी, हायड्रॉलिकचा दाब सोडावा आणि फिरणारा भाग पिनने कुलूपबंद करावा. लोडर असल्यास मधल्या सांध्याची लॉकपट्टी लावावी. पहिल्या वीस-तीस किलोमीटरनंतर चेन हमखास सैल होतात, म्हणून तेथे थांबून त्या पुन्हा आवळाव्यात आणि नंतर प्रत्येक थांब्यावर हात लावून पाहाव्यात.

पूल, तारा आणि ऊन

मार्गाची पाहणी मोटारीतून नजरेने केली जाते, ती पुरेशी नाही. गाडीवर मालाच्या उंचीपेक्षा पंधरा सेंटीमीटर उंच काठी बांधून, ट्रेलर ज्या लेनने जाणार त्याच लेनने जावे. पुलावर लिहिलेल्या उंचीनंतर रस्त्यावर डांबराचे थर चढलेले असू शकतात. पुलाखाली रस्ता खोलगट असेल तर लांब ट्रेलरची पुढची-मागची चाके वर राहतात आणि मधला माल त्या जागी रस्त्यापासून अधिक उंच होतो. काठी पार झाली तरी माल लागतो, तो असा. नागपुरात लोहापूल हा कमी उंचीचा रेल्वेपूल टाळायचा हे सर्वांना ठाऊक असते, पण गड्डीगोदाम येथे रस्ता, रेल्वे, उड्डाणपूल आणि मेट्रो अशा चार पातळ्या एकमेकींवर असल्याने तेथेही आधी मोजल्याशिवाय ट्रेलर घालू नये. पुलाखाली माल अडकलाच, तर जोर लावून मागे घेऊ नये. वाहतूक थांबवावी, पूल रेल्वेचा असेल तर रेल्वेला ताबडतोब कळवावे आणि टायरमधील हवा थोडी कमी करून सावकाश बाहेर काढावे.

गावाच्या रस्त्यावर आडव्या गेलेल्या विजेच्या तारांबद्दल मला विशेष आग्रहाने लिहायचे आहे. हेल्परला यंत्राच्या टपावर बसवून बांबूने तार उचलायला लावण्याची प्रथा जीवघेणी आहे. बांबू ओला असू शकतो, तार अकरा हजार व्होल्टची असू शकते आणि हा धोका जो पत्करतो तो बहुतेक वेळा सर्वांत कमी पगाराचा पोरगा असतो. महावितरणकडे आधी अर्ज करून ठरलेल्या वेळी वीजपुरवठा बंद करून घ्यावा. त्यात अर्धा दिवस गेला तरी तो कार्यक्रमात आधीच धरलेला असावा.

एप्रिल-मेमध्ये विदर्भात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. भरलेल्या ट्रेलरचे टायर दुपारी फुटतात, म्हणून भर उन्हात दोन-तीन तास गाडी सावलीत उभी ठेवावी आणि तापलेल्या टायरमधील वाढलेली हवा सोडू नये. टायर थंड झाल्यावर ती कमी पडते.

विमा आणि उतरवून घेणे

साइटवरील यंत्रांचा विमा वाहतुकीतील नुकसानीला लागू असेलच असे नाही. ट्रान्झिट विम्यात बंदरातील उचल आणि साइटवरील उतरवणे दोन्ही धरले आहे का, हे पाहावे. २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्याखाली, मालाचे मूल्य आधी जाहीर केले नसल्यास वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते, आणि कोट्यवधींच्या यंत्रापुढे ती रक्कम फारच अपुरी आहे. बंदरातून निघताना यंत्राची चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, तशीच ती चेन सोडण्यापूर्वी साइटवर घ्यावीत. काही नुकसान दिसल्यास पावतीवर चालकासमोरच नोंद करून घ्यावी. वाहतूकदाराला द्यायची लेखी नोटीस माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत जावी लागते. ही मुदत यंत्र साइटवर पोहोचल्यापासून मोजली जात नाही.