टेड ह्यूज यांच्या ‘पाइक’ या कवितेचे विश्लेषण कसे करावे

इंग्रज कवी टेड ह्यूज यांची ‘पाइक’ ही अकरा कडव्यांची कविता १९६० साली प्रसिद्ध झालेल्या ‘लुपरकल’ या संग्रहात आहे. ‘निसर्गाचे क्रौर्य’ हे सूत्र आधीच ठरवून लिहायला बसणारा अभ्यासक या कवितेतील सर्वांत मोलाची गोष्ट गमावतो. कारण माझ्या मते ही मुळात पाहण्याची कविता आहे, आणि कोण कोणाकडे, कुठून व किती निर्धास्तपणे पाहतो, हा प्रश्न हाती धरूनच ती वाचावी.

आधी माशाची ओळख करून घ्यावी. पाइक हा गोड्या पाण्यातील शिकारी मासा पाणवनस्पतींत निश्चल दबा धरतो, भक्ष्य टप्प्यात येताच झडप घालतो आणि स्वजातीचे मासेही गिळतो. म्हणजे कवितेतील तपशील अतिशयोक्त नाहीत, हे ध्यानात येते.

यानंतर सर्वनामांवर खुणा कराव्यात. पहिल्या चार कडव्यांत निवेदक समोर येतच नाही. पाचव्यात ‘आम्ही’ येते आणि आठव्यात ‘मी’. त्याच ओघात मासे वाढत जातात: आरंभी तीन इंचांचे, मग सहा पौंडांचे व दोन फुटांहून लांब, आणि अखेरीस ज्यांना मापच लावता येत नाही असे. माणूस एकटा पडत जातो आणि मासा मोठा होत जातो, हा व्यस्त संबंध विश्लेषणात नेमकेपणाने मांडावा.

पाचव्या कडव्यावर मात्र घाई न करता थांबावे. काचेच्या टाकीत तीन, चार आणि साडेचार इंचांचे पाइक ठेवले आहेत, त्यांना माशांची बारीक पिल्ले खायला घातली आहेत. मग अचानक दोनच उरतात आणि शेवटी एक. मारल्याचे किंवा खाल्ल्याचे क्रियापद येथे कोठेही नाही, केवळ संख्या घटते. शिवाय वाक्य कडव्याच्या सीमेवर न थांबता पुढे जाते आणि उरलेल्या माशाचे लोंबते पोट पुढच्या कडव्यात दिसते. हिंसा न सांगता ती वाचकाकडूनच पूर्ण करून घेण्याचे हे कसब मला या कवितेतील सर्वोत्तम वाटते.

आठव्या कडव्यापासून निवेदक ज्या तळ्यावर मासे धरतो, त्या तळ्याच्या कडव्यांना इतिहासाची जोड द्यावी. मध्ययुगीन इंग्लंडमधील मठ मासे पाळण्यासाठी तळी राखत आणि राजा आठव्या हेन्रीच्या काळात, १५३६ ते १५४० दरम्यान, ते मठ बंद करण्यात आले. कवितेतील तळ्यात कमळे आणि मासे आणणाऱ्या मठाचा दगडही आता दिसत नाही, पण ती कमळे आणि मासे टिकून आहेत. म्हणूनच पन्नास यार्ड रुंदीच्या त्या पाण्याची खोली इंग्लंडइतकी ठरते.

शेवटी तिसरे आणि अकरावे कडवे शेजारी ठेवून वाचावे. तिसऱ्यात मासे तळाशी पडून वर पाहत असतात. अकराव्यात अंधारातून जे हळूहळू वर येते ते निवेदकाकडे पाहत असते आणि पाहण्याच्या त्याच क्रियेवर कविता संपते. टाकीबाहेरून पाहणाराच आता पाहिला जात आहे. वर येणाऱ्या त्या गोष्टीला कवी मासा न म्हणता स्वप्न म्हणतो. म्हणून तिचा ‘मृत्यू’ किंवा ‘अबोध मन’ असा एकच अर्थ ठोकून देऊ नये, तर असे प्रत्येक वाचन कोणत्या ओळीच्या आधाराने उभे राहते ते दाखवून द्यावे.