एन्झाइम अडवलं की माशाच्या भ्रूणातल्या पेशी वाट चुकतात का, हे कसं बघायचं

झेब्राफिशच्या भ्रूणात पुढे अंडी किंवा शुक्राणू होणाऱ्या जर्म सेल सुरुवातीला चार वेगवेगळ्या जागी घोळक्याने बसलेल्या असतात आणि २४ तासांच्या आत सरकत सरकत गोनाड, म्हणजे अंडाशय किंवा वृषण, जिथे होणार तिथे पोचतात. वाट दाखवतो सीएक्ससीएल १२ नावाचा सिग्नल, पण नुसता सिग्नल असून भागत नाही, पेशीच्या आत एचएमजी-सीओए रिडक्टेज हे एन्झाइम चालू असावं लागतं. हो, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या म्हणजे स्टॅटिन ज्याला अडवतात तेच! त्यामुळे प्रयोग पाण्यात औषध टाकण्याइतका सोपा होतो.

रात्री नर-मादीमध्ये पार्टिशन टाका, सकाळी लाइट लागल्यावर काढा. अंडी मिळाली की पळापळ, कारण पहिलं विभाजन पाऊण तासातच होतं, इंजेक्शनच्या काचेच्या सुया आदल्या दिवशीच ओढून ठेवलेल्या बऱ्या. त्याआधी जीएफपीचा, म्हणजे हिरव्या चमकणाऱ्या प्रोटीनचा, आरएनए अंड्यात इंजेक्ट करायचा, पण त्याच्या टोकाला नॅनोस जीनची शेपटी जोडलेली हवी, बाकीच्या पेशी असा आरएनए मोडून टाकतात आणि शेवटी जर्म सेलच तेवढ्या हिरव्या चमकतात. मग २८.५ अंशाला ठेवा.

साधारण ४ तासांनी, गॅस्ट्रुलेशनच्या, म्हणजे भ्रूणाचे थर बनायला लागण्याच्या, आधी, चार डिश करा: नुसतं पाणी, नुसतं डीएमएसओ (औषध विरघळवायचं द्रावक), डीएमएसओत विरघळवलेलं स्टॅटिन, आणि स्टॅटिन अधिक मेव्हॅलोनेट. चौथी डिश कंटाळा करून गाळू नका, सगळा जीव तिच्यात आहे. मेव्हॅलोनेट म्हणजे हे एन्झाइम जे बनवतं ते, ते बाहेरून दिल्यावर पेशी परत वाटेला लागल्या तर गडबड ह्याच एन्झाइमची. आणि इथे कोलेस्टेरॉल कमी पडतं असं नाही बरं का, मेव्हॅलोनेटपासून जी लिपिडची शेपटी बनते ती र्‍होसारख्या, पेशीची हालचाल सांभाळणाऱ्या प्रोटीनना पेशीच्या पडद्याला चिकटायला लागते, ती नसली की पेशीचं स्टिअरिंगच जातं.

डोस कमीपासून चढवत न्या आणि जिथपर्यंत भ्रूणाचं अंग धड दिसतं तिथेच थांबा, कारण शेपूट आखूड, वाढ मागे पडलेली अशा आजारी भ्रूणात पेशी भरकटणारच, त्यावरून काही सिद्ध होत नाही. मी एकदा इन्क्युबेटर रात्रभर बंद पडलेला असताना घड्याळ बघून मोजणी केली आणि औषधाचा काय इफेक्ट आलाय म्हणून नाचले, नंतर बघते तर थंडीने डीएमएसओवालीही वाढीत तेवढीच मागे! तेव्हापासून तास नाही, सोमाइट मोजते, म्हणजे वाढीबरोबर पाठीच्या बाजूने एकेक करून उमटणारे ठोकळे.

२४ तासांच्या टप्प्याला कवच फोर्सेपने काढा नाहीतर प्रोनेजने, तेही प्रोटीन तोडणारं एन्झाइमच, जास्त वेळ राहिलं तर भ्रूणही खातं. उघडी भ्रूणं प्लास्टिकला चिकटून फाटतात, तेव्हा डिशला आधी आगारोजचा (जेलीसारखा) थर द्या. डिशवरची नावं दुसऱ्या कुणाला तरी झाकायला सांगा आणि प्रत्येक भ्रूणात जागेवर किती, भलतीकडे किती हे लिहा. एकूण बेरीजही लिहा, ती कमी भरली तर काही पेशी मेल्याही असतील, त्यांना वाट चुकलेल्यात धरायचं नाही.